वेंगुर्ला : बंदराकडे येणाऱ्या वाटा

आज वेंगुर्ल्याला जायचं तर कुडाळ नाहीतर सावंतवाडी स्टेशनवर उतरायचं आणि पुढे एसटी किंवा रिक्षा धरायची. गाव ना रेल्वेवर, ना मुंबई-गोवा महामार्गावर. म्हणून मालवण पाहून गोव्याकडे निघालेले पर्यटक इथे सहसा वळत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी मात्र मुंबईहून थेट बेळगावला जाणाराही आधी वेंगुर्ल्याच्याच धक्क्याला लागायचा.

या बंदराचं मोल पहिल्यांदा डचांनी ओळखलं. गोवा पोर्तुगीजांकडे होतं आणि डचांना त्याची समुद्रातून कोंडी करायची होती. त्यासाठी गोव्याच्या उशाशीच रसद हवी, म्हणून 1637च्या सुमारास ते इथे आले आणि पुढे त्यांनी वखार बांधली. ती अजून उभी आहे. छप्पर कधीच गेलं, पण जांभ्याच्या भिंतींची जाडी पाहिली की कळतं, ही नुसती मालाची कोठी नव्हती, वेळ पडली तर लढायची तयारीही होती. पावसाळ्यात हा जांभा शेवाळाने हिरवा होतो. गावात आलात तर आधी वखारीपाशी जा, किनारा नंतर. माझा आग्रहच आहे.

1812मध्ये सावंतवाडीकरांकडून बंदर इंग्रजांकडे गेलं. पुढे बेळगावला त्यांची छावणी पडली. मग माणसं आणि माल वेंगुर्ल्यात उतरून आंबोली घाटाने वर चढू लागला. पेठ वाढली, 1876मध्ये नगरपालिका झाली. पण 1880च्या दशकात मुरगावहून घाटावर रेल्वे गेली आणि बेळगावचा व्यापार तिकडे वळला. चाकरमान्यांची आगबोट त्यानंतरही कित्येक वर्षं येत राहिली. ती खोल पाण्यात थांबायची, उतारू होडीने किनाऱ्याला यायचे. पुढे तीही बंद झाली आणि 1998मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे गावाला बाजूला ठेवून गेली.

बंदर मागे पडलं तरी गावाचं नाव घाटावर जातंच आहे, आता रोपांबरोबर. इथल्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा काढला, आणि काजूच्या जातींना तर गावाचंच नाव आहे. बागायतदार रोपं घ्यायला येतो तेव्हा नुसतं म्हणतो, “वेंगुर्ला-4 आहे काय? नसला तर वेंगुर्ला-7 द्या.”