इंजिन चालू, बोट जागेवर: पंखा अडकलाय की दुवा तुटलाय?

स्कूटर दुरुस्तीला नेली की मेकॅनिक आधी विचारतो, "गाडी उचलत नाही, की नुसती रेस होते?" उचलत नसेल तर इंजिन ओझ्याखाली दबलेलं असतं. नुसती रेस होत असेल तर इंजिन मोकळं सुटलेलं असतं आणि चाकाला त्याचा पत्ताच नसतो. इंग्लंडच्या कालव्यावर नॅरोबोट, म्हणजे कालव्यांची अरुंद, लांबट बोट, मधेच अडली की मी स्वतःला हाच प्रश्न विचारते. काठावरून पाहणाऱ्याला दोन्ही बिघाड सारखेच दिसतात. डिझेल इंजिन धडधडतंय, बोट गिअरमध्ये आहे आणि पुढे काही सरकत नाही. एकात पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, काहीतरी गुंडाळलेलं असतं. दुसऱ्यात इंजिन आणि पंखा यांच्यातला दुवा तुटलेला असतो. पहिलं बहुतेक वेळा आपलं आपल्याला निस्तरता येतं, दुसऱ्याला मेकॅनिकच लागतो.

नॅरोबोटीची रुंदी जेमतेम २.१ मीटर, कारण अठराव्या शतकात बांधलेली अरुंद लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या, दारं असलेल्या कोठ्या) तेवढीच आहेत. लांबी मात्र २१ मीटरपर्यंत जाते. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल. पाणी उथळ असतं, त्यामुळे गाळातून वर येणारं जे काही असेल ते पंखा ओढून घेतो.

पंखा अडकणं काय असतं ते मला साउथॉलजवळ कळलं. लंडनच्या पश्चिमेला बुल्स ब्रिजपाशी ग्रँड युनियन कालव्याला पॅडिंग्टनकडची शाखा मिळते. तिथून थोडं पुढे गेलो आणि सुकाणूचा दांडा हातात थरथरायला लागला. इंजिनाचा आवाज बसला, एक्झॉस्टमधून काळा धूर येऊ लागला. लिव्हर (गिअर आणि रेस दोन्ही त्याच्यावरच) पुढे ढकलला की आवाज चढायच्या ऐवजी घुसमटायचा. मागे पाणी ढवळत होतं, पण बोटीला जोर मिळत नव्हता. क्षणभर रिव्हर्स देऊन पाहिला. शरद ऋतूत पानांचा गुंता झाला असेल तर तेवढ्यानेही सुटतो. इथे नाही सुटला.

पंख्याच्या बरोबर वर, बोटीच्या मागच्या टोकाला, एक पोलादी चौकोनी विहीर असते. तिला वीड हॅच म्हणतात. इंजिन बंद केलं, किल्ली काढून माझ्या खिशात ठेवली (ज्याचा हात पाण्यात, किल्ली त्याच्याच खिशात), झाकणाचा स्क्रू सोडवला आणि खांद्यापर्यंत हात घातला. पाणी बर्फासारखं. बोटांना आधी पॉलिथिन लागलं, मग कापड. ब्रेड कापायच्या दातेरी सुरीने तुकडे करत बाहेर काढलं, तर नायलॉनची साडी निघाली, काठाला जर असलेली. शाफ्टवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, ती इतकी आवळली होती की कापडाचा दोर झाला होता.

त्याच दुपारी पाण्यावर नारळ तरंगताना दिसले. पूजेचं साहित्य पाण्यात सोडायची श्रद्धा माझ्याही घरातली आहे. पण कालवा म्हणजे नदी नव्हे, त्याचं पाणी जवळजवळ साचलेलंच असतं. टाकलेलं तिथंच राहतं आणि कुणाच्या तरी पंख्यात जातं. ओळखीतल्या सगळ्यांना मी हे कळकळीने सांगते.

साडी निघाली तरी काम संपत नाही. झाकण रबरी गॅस्केटवर नीट बसलंय आणि स्क्रू पक्का आवळलाय, हे बघितल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. सैल झाकणाखाली पंखा फिरला की तो पाणी आत फेकतो, इंजिनाची खोली भरते आणि बोट बुडते. अशा नॅरोबोटी खरंच बुडाल्या आहेत.

दुवा तुटतो तेव्हा लक्षणं बरोबर उलटी. धूर नाही, थरथर नाही, लिव्हर पुढे केला की इंजिन हलकं होऊन रेस घेतं आणि मागचं पाणी शांत. पण आधी लिव्हरचं बटण बघा. ते बाहेर ओढलं की गिअर पडतच नाही, फक्त रेस मिळते. थंड इंजिन तापवायला ओढलेलं बटण तसंच राहून गेलं, म्हणून घाबरलेले लोक मी पाहिलेत. बटण ठीक असेल तर गिअरची केबल तुटलीय का ते बघायचं.

तेही नसेल तर इंजिनावरची मागची फळी उचलायची. एकाने इंजिन मंद ठेवून गिअर टाकायचा, दुसऱ्याने लांबूनच बघायचं. ओढणी, केस, बाही काही जवळ नको. गिअरबॉक्सला शाफ्ट जिथे जोडलेला असतो तो कपलिंगचा भाग फिरतोय आणि शाफ्ट थांबलाय, तर कपलिंग गेलं. दोन्ही थांबलेत, तर गिअरबॉक्स किंवा त्याला इंजिनाशी जोडणारी ड्राइव्ह प्लेट. शाफ्ट नीट फिरतोय आणि तरी मागे पाणी हलत नाही, तर पंखाच निसटला असेल.

माझी फसगत ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर झाली, स्टोन गावाच्या अलीकडे. सकाळपासून इंजिन मंद असताना डब्यात नटबोल्ट हलवल्यासारखा खडखडाट यायचा, रेस वाढवली की थांबायचा. मला वाटलं पंख्यात काही लागलंय. दोनदा वीड हॅच उघडलं, पंखा स्वच्छ. दुपारी खडखडाट बंद झाला आणि बोटही थांबली. ड्राइव्ह प्लेटच्या स्प्रिंगा तुटल्या होत्या. मंद इंजिनावर येणारा आणि रेसला विरणारा खडखडाट ऐकला की आता मी वीड हॅचकडे जातच नाही, मेकॅनिकला फोन लावते. ठिकाण सांगायला पुलावरच्या पाटीवरचा क्रमांक आणि कालव्याचं नाव पुरतं.

दोन बिघाडांचं नातंही आहे. पंख्यात गुंता असताना बोट तशीच दामटली की इंजिन तापतं आणि सगळा ताण त्याच प्लेटवर, त्याच कपलिंगवर येतो.

मेकॅनिक येईपर्यंत पुलाखाली किंवा लॉकच्या तोंडाशी थांबायचं नाही, दुसऱ्यांची वाट अडते. काठाला टोपाथ असतो, पूर्वी घोडे तिथून चालत २५ टन माल भरलेली बोट ओढायचे. आम्ही दोघांनी बोटीच्या मध्यावर बांधलेला दोर खांद्यावर घेतला. सुरुवातीचा हिसका जड जातो, एकदा बोट चालू लागली की मग हळूहळू येते. थांबवताना मात्र दोर हातात धरून ठेवायचा नाही, काठच्या खुंट्याला एक वेढा द्यायचा आणि थोडा थोडा सोडायचा.