दाताच्या मुळातली धुलाई

रूट कॅनालसाठी खुर्चीत आडवं पडलं की आपलं सगळं लक्ष त्या यंत्राच्या आवाजाकडे असतं. केव्हातरी तो आवाज थांबतो आणि नाकाला एक ओळखीचा वास येतो. पोहण्याच्या तलावाचा. डॉक्टरांच्या हातात आता ड्रिल नसतं, साधी सिरिंज असते, आणि ते दातात पुन्हा पुन्हा काहीतरी सोडत असतात. पेशंटला वाटतं, चला, अवघड काम उरकलं, आता नुसतं धुणं राहिलं. पण ज्या कामासाठी दात उघडला, ते काम म्हणजे हे धुणंच.

आपण 'नस काढली' असं म्हणतो, पण दाताच्या आत नुसती नस नसते. मधल्या पोकळीत मऊ गर असतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात, आणि मुळाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून तो जबड्याशी जोडलेला असतो. कीड खोल गेली की तोंडातले जंतू या गरापर्यंत पोचतात. गर सुजतो, पण चारी बाजूंनी कडक भिंती असल्यामुळे त्याला फुगायला जागा नसते. रक्तपुरवठा गुदमरतो आणि गर मरतो. मागे उरते एक उबदार, अंधारी खोली, भरपूर मेलेलं अन्न, आणि पहारा शून्य. कारण रक्तच नाही, तर पांढऱ्या पेशी येणार कुठून? अँटिबायोटिकच्या गोळीचीही हीच पंचाईत. औषध रक्तातून मुळाच्या टोकापर्यंत येतं आणि दाराबाहेर थांबतं. सूज पसरली, ताप आला तर ती गोळी लागतेच. पण 'गोळ्या घेतल्या, ठणका थांबला, आता रूट कॅनाल कशाला' हा हिशेब चुकतो तो इथे.

सगळा दोष जंतूंचाच, हे सिद्ध झालं १९६५ साली. अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी दोन प्रकारचे उंदीर घेतले. एक नेहमीसारखे, दुसरे जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले. दोघांच्या दाढांना गरापर्यंत भोक पाडलं आणि ते तसंच उघडं ठेवलं. साध्या उंदरांचा गर मेला, मुळाशी पू झाला. निर्जंतुक उंदरांच्या त्याच भोकात अन्नाचे कण जाऊन बसले, तरी गर जिवंत राहिला आणि जखमेवर त्याने नव्या डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कडक थराचा, पूल बांधला. घाव तोच, अन्न तेच. फरक फक्त जंतूंचा.

मग जंतू खरवडून काढले की झालं, असं वाटेल. अडचण ही की 'कॅनाल' हा शब्द फसवा आहे. तो ऐकून डोळ्यांसमोर सरळ, गोल नळी येते. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी शंभरएक वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरलं, ते कडक केलं आणि दात आम्लात विरघळवून टाकले. हातात उरला तो आतल्या पोकळीचा साचा: फाटे, आडवे दुवे, दोन कॅनालना जोडणारे पातळ पडदे, टोकाशी नदीच्या मुखासारखे फुटलेले प्रवाह. आपण ज्याला एक कॅनाल म्हणतो, तो बऱ्याचदा एक हमरस्ता आणि त्याच्या भोवतीच्या गल्लीबोळांचं जाळं असतो.

या हमरस्त्यातून डॉक्टर फाईल फिरवतात. फाईल म्हणजे सुईसारखी बारीक, लवचीक कानस. तिचा नंबर म्हणजे टोकाची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: २५ नंबरचं टोक ०.२५ मिलिमीटरचं. आजच्या निकेल-टायटॅनियमच्या फायली वळणावरही छान वळतात. पण २००१ साली पीटर्स आणि सहकाऱ्यांनी मायक्रो-सीटीने, म्हणजे अतिसूक्ष्म एक्स-रे स्कॅनने, कॅनालचं आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून पाहिलं, तेव्हा भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाईलने शिवलेलाच नव्हता. फाईल कुठलीही असो. गल्लीबोळ तर दूरच.

आणि भिंतीही भरीव नसतात. डेंटिनमध्ये सूक्ष्म नलिका असतात, गराच्या बाजूला साधारण दोन-अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या आणि एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंच्या संख्येने. जंतूची जाडी अर्धा ते एक मायक्रॉन. म्हणजे त्याला त्या नलिकेत शिरायला अंग चोरायचीही गरज नाही.

स्वीडनमध्ये बिस्ट्रोम आणि सुंडक्विस्ट यांनी १९८०च्या दशकात हे मोजूनच पाहिलं. नुसत्या फायली आणि मिठाचं पाणी वापरलं तेव्हा जंतू शंभर ते हजार पटींनी घटले. पण कितीतरी दातांत पुढच्या भेटीला ते पुन्हा हजर. पाण्याच्या जागी सोडियम हायपोक्लोराइट येताच जंतुमुक्त दातांची संख्या वाढली. त्यामुळे मला तर फाईल ही रस्ता रुंद करणारी वाटते. सफाई करतं ते त्या रस्त्याने जाणारं पाणी.

हायपोक्लोराइट म्हणजे कपड्यांच्या ब्लीचमधलंच द्रव्य, त्या वासाचा मालक. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन या रसायनशास्त्रज्ञाने आणि अलेक्सिस कॅरेल या शल्यविशारदाने त्याचं ०.५ टक्क्याचं द्रावण सैनिकांच्या कुजलेल्या जखमा धुवायला वापरलं. दातात ०.५ पासून जवळजवळ ६ टक्क्यांपर्यंत वापरतात. जंतू मारणारी औषधं पुष्कळ आहेत. याचं वेगळेपण म्हणजे हे मेलेला गर चक्क विरघळवतं. ते महत्त्वाचं, कारण कॅनालमधले जंतू सुटे फिरत नाहीत. मोरीच्या जाळीवर जमतो तसा बुळबुळीत थर करून भिंतीला चिकटून राहतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. वरचा चिकट लगदा विरघळल्याशिवाय औषध खालच्या जंतूंपर्यंत पोचत नाही. आणि विरघळवता विरघळवता द्रावणातला क्लोरीन खर्ची पडतो. मिनिटभरापूर्वी सोडलेलं द्रावण आता बरंचसं निकामी झालेलं असतं. म्हणून ती सिरिंज पुन्हा पुन्हा. किती टक्क्यांचं द्रावण घ्यावं यावर दंतवैद्यांत बराच वाद चालतो. ते ताजं किती वेळा भरलं, याला माझ्या मते जास्त किंमत आहे.

फाईल घासताना भुसा पडतो. तो भिंतीवर सारवल्यासारखा बसतो आणि नलिकांची तोंडं बुजवतो. त्यात खनिज भाग असतो आणि हायपोक्लोराइट खनिजाला काही करत नाही. तिथे ईडीटीए लागतं, सहसा १७ टक्क्याचं. ते कॅल्शियमला धरून ओढून काढतं. क्लोरहेक्सिडिन हेही एक चांगलं जंतुनाशक, पण हायपोक्लोराइट निपटून काढल्याशिवाय ते सोडलं तर दोन्ही मिळून तपकिरी-नारिंगी साका तयार होतो आणि नलिका पुन्हा बुजतात. एवढ्याशा दातात रसायनशास्त्राची अख्खी तासिका!

आता सगळ्यात चिवट प्रश्न: पाणी टोकापर्यंत न्यायचं कसं? सिरिंजची सुई बारीक, बाहेरून ०.३ मिलिमीटरची, तरी ती अगदी टोकाला नेत नाहीत, आणि तिच्या तोंडापुढे द्रव जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातो. त्यात कॅनालचं खालचं टोक जवळजवळ बंद. एका टोकाला बोट लावून बंद केलेल्या स्ट्रॉमध्ये वरून पाणी ओतून पाहा. पाणी मध्येच अडतं, खाली हवेचा बुडबुडा बसतो. कॅनालच्या टोकाशी हेच होतं, आणि जंतूंचं माहेर नेमकं तिथेच. मग जोराने दाबावं का? मुळीच नाही. सुई कॅनालमध्ये घट्ट अडकलेली असताना दाब दिला तर द्रावण मुळाच्या टोकातून बाहेर, हाडाच्या बाजूला जातं, आणि जे मेलेल्या गराला विरघळवतं ते जिवंत मांसालाही सोडत नाही. भूल असतानाही असह्य कळ, बघता बघता गाल सुजणं, मग काळानिळा पडणं. असं क्वचित घडतं, पण घडतं. म्हणून सुईचं तोंड टोकाला नसतं, कडेला असतं; सुई सैल ठेवून हळूहळू वरखाली करतात.

बुडबुडा फोडायला जोर नाही, हलवाहलव लागते. कॅनालच्या मापाची गटापर्चाची, म्हणजे रबरासारख्या पदार्थाची, काडी आत घालून वरखाली केली तरी द्रव खाली सरकतो. अल्ट्रासाउंडची बारीक तार सेकंदाला २५ ते ३० हजार वेळा थरथरते. तिच्याभोवती द्रवाचे भोवरे फिरतात आणि फाईल न गेलेल्या फटींतला गाळ उचलला जातो. लेसरनेही द्रव ढवळतात.

इतकं करूनही दात पूर्ण निर्जंतुक होत नाही. जंतू इतके कमी करायचे की शरीर उरलेल्यांना पुरून उरेल, हेच ध्येय. बराच पू असेल तर डॉक्टर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरून पुढची तारीख देतात. म्हणजे विझवलेला चुना. सामू (pH) साधारण १२.५, त्यात बहुतेक जंतू टिकत नाहीत. एंटेरोकॉकस फीकालिस नावाचा जंतू मात्र पेशीत प्रोटॉन (आम्लपणा देणारे कण) ओढून आतला सामू सांभाळतो आणि उपाशीपोटीही दिवस काढतो. फसलेल्या रूट कॅनालमध्ये तो वारंवार सापडतो. नीट धुतलेला कॅनाल शेवटी गटापर्चाने भरून बंद करायचा, कारण राहिलेल्यांची रसद तोडायची असते.

दोन भेटींच्या मधल्या दिवसांत दाताचं तोंड बंद करणारं तात्पुरतं सिमेंट निघालं, तर 'दुखत तर नाहीये' म्हणून तारखेची वाट पाहू नका. एक मिलिलिटर लाळेत साधारण दहा कोटी जंतू असतात. डॉक्टरांनी धुताना दातावर रबरी पडदा ताणून तोंड झाकलं होतं ते द्रावण घशात जाऊ नये म्हणून, आणि हीच लाळ आत येऊ नये म्हणूनही. सिमेंट निघालं त्या क्षणी पडदा उघडला.