डुप्लिकेट की लूप? क्लिपच्या पुनरावृत्तीची पार्श्वभूमी

संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) तुकडा गाणंभर पसरवायचा असेल, तर क्लिप, म्हणजे पडद्यावर ठोकळ्यासारखा दिसणारा तो तुकडा, डुप्लिकेट करत जायचं किंवा लूप, म्हणजे आपोआप होणारी पुनरावृत्ती, चालू करून तिची कड उजवीकडे ओढायची. ऐकायला दोन्ही सारखंच. पण मधला एक स्वर बदलला की फरक उघड होतो. डुप्लिकेटमध्ये बदल तेवढ्याच जागी राहतो, लूपमध्ये तो प्रत्येक आवर्तनात उमटतो. हा फरक सॉफ्टवेअरपेक्षा बराच जुना आहे.

लूपची वाट १९४८च्या पॅरिसपर्यंत मागे जाते. तिथल्या रेडिओच्या स्टुडिओत फ्रेंच संगीतकार प्येर शेफेर यांनी तबकडीवरची खाच वर्तुळात बंद केली. सुई तिथेच फिरत राहिली आणि आगगाडीसारखे रोजचे आवाज निव्वळ नाद म्हणून ऐकू येऊ लागले. मग चुंबकीय टेप आली. तुकडा कापायचा, दोन टोकं चिकटवायची आणि ते वेटोळं यंत्रावर फिरवत ठेवायचं. १९६५ मध्ये अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांनी रस्त्यावरच्या एका धर्मोपदेशकाच्या बोलण्याची दोन सारखी वेटोळी दोन यंत्रांवर लावली. वेगातल्या किंचित फरकाने ती एकमेकांपासून सरकत गेली आणि त्या सरकण्यातूनच रचना घडली. पुनरावृत्तीतून इतकं काही निघू शकतं, हे आजही थक्क करणारं आहे.

१९७७ मध्ये ‘बी जीज’ या पॉप गटाच्या ‘स्टेइंग अलाइव्ह’ गाण्याच्या वेळी ड्रमर हजर नव्हता. त्यामुळे ‘नाइट फीवर’ या त्यांच्याच दुसऱ्या गाण्याच्या रेकॉर्डिंगमधल्या ड्रमच्या दोन बारचं वेटोळं करून त्यावर गाणं उभं केलं गेलं. प्रयोगशील रचनाकारांचं तंत्र इथे लोकप्रिय गाण्याचा ताल सांभाळू लागलं. माझ्या मते आजच्या ड्रम लूपचा खरा पूर्वज हाच.

दुसरी वाट ड्रम मशीनची, म्हणजे ताल आपोआप वाजवणाऱ्या यंत्राची. १९८०च्या रोलँड टीआर-८०८ सारख्या यंत्रांत मेमरी तुटपुंजी होती. म्हणून पॅटर्न, म्हणजे तालाचा छोटा नमुना, एकदाच साठवायचा आणि तो कोणत्या क्रमाने वाजेल एवढंच गाण्यात नोंदवायचं. साहजिकच पॅटर्न बदलला की गाण्यातली त्याची प्रत्येक जागा बदलायची.

१९८९ मध्ये अटारी एसटी या संगणकावर क्युबेस हे संगीतनिर्मितीचं सॉफ्टवेअर आलं. ट्रॅक एकाखाली एक, काळ डावीकडून उजवीकडे आणि त्यावर उचलून ठेवता येणारे आडवे ठोकळे, ही मांडणी त्याने रुळवली. ते ठोकळे सुरुवातीला मिडीचे, म्हणजे कोणता स्वर कधी वाजवायचा या सूचनांचे, होते. पुढे हार्ड डिस्कवरच्या रेकॉर्डिंगलाही हीच पद्धत लागू झाली. तिथे ऑडिओ क्लिपमध्ये आवाज नसतोच. कोणती फाइल, कुठून कुठपर्यंत वाजवायची, एवढीच नोंद असते. त्यामुळे शंभर प्रती केल्या तरी डिस्कवर फाइल एकच राहते.

अडचण उरली टेंपोची, म्हणजे गाण्याच्या वेगाची. १९९८ मध्ये सॉनिक फाउंड्रीच्या ॲसिड या सॉफ्टवेअरने लूप आपोआप गाण्याच्या टेंपोत बसवून दाखवले. २००१ मध्ये एबलटन लाइव्हने तेच थेट मंचावर नेलं, तर २००४ मध्ये गॅरेजबँडने घरोघरच्या संगणकांवर.

जुन्या वाटांच्या खुणा अजून टिकून आहेत. एबलटनमध्ये डुप्लिकेट केलेली मिडी क्लिप मूळ क्लिपपासून स्वतंत्र असते. १९९७ मध्ये फ्रूटी लूप्स म्हणून आलेल्या एफएल स्टुडिओत मात्र पॅटर्न प्लेलिस्टवर, म्हणजे गाण्याच्या मांडणीत, कितीही जागी ठेवला तरी तो एकच असतो. एखाद्या ठिकाणी वेगळा हवा असेल, तर तिथे ‘मेक युनिक’ (स्वतंत्र प्रत करा) निवडावं लागतं.