वायफायला वाट किती रुंद लागते?

‘एकच यंत्र लावा, साऱ्या आवारात वायफाय मिळवा’ अशा जाहिराती हल्ली सारख्या पुढ्यात येतात. चित्रातल्या यंत्राला सहा-आठ शिंगं असतात आणि त्यातून निळी वर्तुळं पार क्षितिजापर्यंत पसरलेली असतात. अशा जाहिरातीला भुलणारा माणूस बहुधा खरोखरच अडलेला असतो. त्याच्या घरात चांगलं इंटरनेट असतं आणि शे-दोनशे मीटरवर सुट्टीत भाड्याने द्यायची दोन-तीन घरं असतात. पाहुणे सामान खाली ठेवायच्या आधी पासवर्ड विचारतात. प्रत्येक घराला वेगळं कनेक्शन घ्यावं, तर वर्षातले कितीतरी दिवस ते नुसतंच पडून राहणार. तेव्हा घरातलंच नेट तिकडे न्यावं हा विचार रास्तच आहे. फक्त ते काम शिंगवाल्या यंत्राचं नव्हे.

राउटर जास्त ताकदीचा घेतला की लांब पोहोचेल, हा समज अर्धाच खरा आहे. वायफाय हे दुतर्फा संभाषण असतं. राउटरने पाठवलेल्या प्रत्येक तुकड्याला मोबाइलने पोच द्यावी लागते. साधारण राउटर एक दशांश वॅटच्या आसपास शक्तीने बोलतो आणि मोबाइल बहुतेक वेळा त्याहूनही हळू. तुम्ही कर्णा लावून ओरडलात म्हणून पलीकडच्याची कुजबुज तुम्हाला ऐकू येऊ लागत नाही. मोबाइलवर सिग्नलच्या दांड्या भरलेल्या दिसतात, पण पान काही उघडत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. मधे साधा रिपीटर ठेवला तर तो त्याच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो.

मधली जागा तुमची असेल आणि खोदता येत असेल, तर ऑप्टिकल फायबर टाका आणि हा लेख इथेच सोडा. साधी तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच चालते, आणि दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला किंवा जवळपास वीज पडली, तर तिच्यातून दोन्हीकडची उपकरणं जळू शकतात. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे ती भीतीच राहत नाही.

खोदता येत नसेल, तर दोन छपरांवर दोन दिशादर्शी अँटेना एकमेकांकडे तोंड करून बसवायचे. एरवी चहूकडे उधळली जाणारी ऊर्जा अशा अँटेनातून एकाच दिशेने जाते आणि पलीकडचा अँटेनाही त्याच दिशेकडे कान देऊन ऐकतो. त्या घरात मग नेहमीचा छोटा राउटर जोडला की पाहुण्यांच्या मोबाइलला फक्त भिंतीपलीकडे बोलायचं असतं. अंतर दुप्पट झालं की पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते, हे खरं. पण वायफायचा रिसीव्हर एक अब्जांश वॅटवरही खुशाल काम करतो. शक्ती कमी पडते म्हणून असे दुवे सहसा फसत नाहीत.

ते फसतात वाटेमुळे. छपरावर उभं राहिलं, पलीकडचा अँटेना डोळ्यांना स्वच्छ दिसला, की वाट मोकळी आहे असं आपण गृहीत धरतो. पण रेडिओतरंग दोऱ्यासारख्या सरळ रेषेतून जात नाहीत. त्यांना मधे एक जाडजूड जागा लागते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्यभागी फुगलेली. तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात.

हे क्षेत्र येतं कुठून ते पाहण्यासारखं आहे. अँटेनातून निघालेला तरंग पसरत जातो. त्याचा काही भाग थेट पोहोचतो, काही थोडा वरून, काही थोडा खालून वळसा घेऊन. वाकडी वाट जरा लांब असते, म्हणून तिकडून येणारा तरंग किंचित उशिरा पोहोचतो. तरंगाच्या एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी. उशीर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी असेल तर तो थेट आलेल्या तरंगात भर घालतो. त्याहून जास्त झाला, की एकाचा उंचवटा आणि दुसऱ्याचा खड्डा एकत्र येऊन ते एकमेकांना खोडू लागतात. ज्या वळशात बरोबर अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो, तिथे पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची कड.

२.४ गिगाहर्ट्झ वायफायची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी झाली ६.२५. आता २०० मीटरचा दुवा घ्या. ऐन मध्यावर सरळ रेषेपासून २.५ मीटर वर जाऊन परत खाली येणारी वाट पायथागोरसच्या प्रमेयाने मोजा. ती सरळ वाटेपेक्षा ६.२५ सेंटिमीटरनेच लांब भरते! दोनशे मीटरच्या प्रवासात वीतभरही फरक नाही, पण तेवढ्यावर ठरतं की मध्यावर या क्षेत्राची त्रिज्या २.५ मीटर, म्हणजे पाच मीटर जाडीची अदृश्य चाती. सूत्र असं: तरंगलांबी गुणिले अंतर, त्याचं वर्गमूळ, त्याचं निम्मं.

सगळीच चाती मोकळी असायला हवी असं नाही. मधल्या सरळ रेषेपासून त्रिज्येच्या ६० टक्के जागा मोकळी असली, की व्यवहारात नुकसान होत नाही. पण एखाद्या भिंतीची कड नेमकी दृष्टिरेषेला येऊन टेकली, पलीकडचा अँटेना अजून पूर्ण दिसतोय, तरी अर्धा तरंग अडतो आणि शक्ती चौथाईवर येते.

समजा दोन्ही अँटेना तीन मीटर उंचीवर आहेत आणि मध्यावर दोन मीटरची कुंपणभिंत आहे. भिंतीवर मोकळी जागा एक मीटर. २.४ गिगाहर्ट्झला हवी दीड, म्हणजे भिंत आडवी आली. तेच अँटेना ५.५ गिगाहर्ट्झचे केले तर तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटरवर येते, त्रिज्या साधारण १.६५ मीटर, तिचे ६० टक्के म्हणजे एक मीटर. भिंत जिथल्या तिथे, पण आता अडचण जवळजवळ संपली. आणि त्याच भिंतीशी पाहुण्यांची तीन मीटर उंच बस येऊन उभी राहिली, तर गर्दीच्या दिवशीच नेट ढेपाळतं आणि खापर फुटतं ‘फार लोक एकदम वापरतात’ यावर.

फ्रेनेल हा फ्रेंच अभियंता, काळ १७८८ ते १८२७. त्याच्या डोक्यात अर्थातच वायफाय नव्हतं, प्रकाश होता. फ्रेंच अकादमीच्या स्पर्धेसाठी त्याने प्रकाश हा तरंग असल्याचा सिद्धांत पाठवला. परीक्षकांतला प्वासाँ हा गणिती कणवादी होता, म्हणजे प्रकाश कणांचा बनलेला असतो असं मानणारा. त्याने फ्रेनेलचंच गणित पुढे रेटून दाखवलं, की हे खरं मानलं तर गोल चकतीच्या सावलीच्या ऐन मध्यावर उजेडाचा ठिपका पडायला हवा. म्हणजे सिद्धांतच हास्यास्पद. आरागो या दुसऱ्या परीक्षकाने प्रयोग केला. ठिपका होता! १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळालं. चकतीच्या कडेवरून वळलेले सगळे तरंग मध्यावर सारखंच अंतर कापून पोहोचतात आणि एकमेकांत भर घालतात, एवढंच त्याचं रहस्य.

इतकं सुरेख शास्त्र हाताशी असताना लोक राउटरमागे अॅल्युमिनियमची पन्नी उभी करतात आणि ‘सिग्नल शुद्ध करणारे’ स्टिकर विकत घेतात. पन्नीने तरंग परावर्तित तरी होतात, भलत्या दिशेने का होईना. स्टिकरने विकणाऱ्याचा खिसा तेवढा भरतो. दुसऱ्या टोकाला ‘छपरावरच्या अँटेनाने कॅन्सर होतो’ म्हणणारे. या तरंगांच्या एका फोटॉनची, म्हणजे ऊर्जेच्या एका पुडक्याची, ऊर्जा रेणूतला इलेक्ट्रॉन उडवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतकी असते, त्यामुळे ती रेणू मोडू शकत नाही.

झाडांचं मात्र गांभीर्याने घ्या. पानांत पाणी असतं आणि पाणी हे तरंग शोषतं. २.४ गिगाहर्ट्झ ही पाण्याच्या रेणूची खास कंप्रता आहे, मायक्रोवेव्ह ओव्हन त्यामुळेच चालतो, ही मात्र दंतकथा. द्रव पाणी सर्वांत जोरात शोषतं ते सुमारे २० गिगाहर्ट्झच्या आसपास. म्हणूनच ५ गिगाहर्ट्झला पानं जास्त नडतात. पानगळीत बसवलेला दुवा पालवी फुटल्यावर रडू लागला, तर यंत्र बदलण्याआधी फांदी छाटा किंवा खांब उंच करा. ६० गिगाहर्ट्झचे अँटेनाही मिळतात. त्यांची चाती २०० मीटरला मध्यावर अर्ध्या मीटर त्रिज्येची, पण हवेतला ऑक्सिजनच ते तरंग किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल खातो, म्हणजे २०० मीटरमध्येच जवळपास निम्मी शक्ती, आणि मुसळधार पाऊस त्याहून खादाड.

दुवा जुळल्यावर पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करा, नाहीतर तुमचा प्रिंटर आणि कॅमेरेही त्यांच्या मोबाइलवर दिसतील. आणि इंटरनेट कंपनीचा करार आधी वाचा. घरगुती कनेक्शन भाडेकरूंना वापरायला देण्यास अनेक कंपन्यांची मनाई असते, आणि पाहुण्याने काही बेकायदा उतरवलं तर नोंद तुमच्याच कनेक्शनची सापडते.