दोरीचा परकर (कॉर्डेड पेटीकोट)

दोरीचा परकर म्हणजे इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका या भागात साधारण १८२० च्या दशकापासून १८५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बायका झग्याच्या आत घालायच्या तो सुती परकर, ज्याच्या कापडातच सुती दोऱ्यांच्या आडव्या रांगा बसवलेल्या असायच्या, खाली काठाशी दाट आणि वर कमरेकडे जाताना विरळ. काम एवढंच की वरच्या झग्याचा घेर फुगलेला राहावा आणि पायात गुंतू नये. १८२५ च्या सुमारास झग्याची कंबर छातीखालून परत जागेवर आली, घेर वाढायला लागला, आणि १८४० पर्यंत तो पार जमिनीला टेकणाऱ्या घुमटासारखा झाला, तेव्हा साधे चार-सहा परकर एकावर एक चढवूनही भागेना. त्यातून हा प्रकार रुळला.

बऱ्याच ठिकाणी असं लिहिलेलं दिसतं की दोऱ्या कड्यांसारखं काम करायच्या, म्हणजे पुढे आलेल्या पोलादी सांगाड्याचीच ही सुती आवृत्ती. हे काही पटत नाही, कारण सुती दोरी हातात धरली तर लोंबतेच, ती कडं कसलं धरणार. खरी गंमत दोरीभोवतीच्या घट्ट बोगद्यात आहे. दोरी कापडात इतकी आवळून बसवायची की तिला आत हलायला जागाच उरत नाही, आणि अशा रांगा शेजारी शेजारी आल्या की कापड पन्हाळी पत्र्यासारखं वागायला लागतं, एका दिशेने सहज वाकतं आणि दुसऱ्या दिशेने वाकायला तयार होत नाही. दोऱ्या आडव्या असल्यामुळे परकर खालून वर दुमडतो, म्हणून बसता येतं, पण घेराच्या दिशेने त्याच्या बारीक उभ्या घड्या पडत नाहीत, म्हणून तो पायांच्या मध्ये चिकटून कोसळत नाही. बोगदा सैल राहिला तर कितीही जाड दोरी घाला, परकर नुसता जड होतो.

कापड

बहुतेक परकर पांढऱ्या सुती कापडाचे. कॅलिको, लाँगक्लॉथ, मदपोलम, जरा बारीक हवं असेल तर केंब्रिक किंवा जॅकोनेट, आणि मुळातच उभ्या उठावदार रेघा असलेलं डिमिटी. यातली कॅलिको आणि मदपोलम ही नावं आपल्याकडच्या गावांवरूनच गेलेली, कालिकत आणि आंध्रातलं नरसापूरजवळचं मदपोलम, पण या काळापर्यंत तेच कापड लँकेशरच्या गिरण्यांत निघत होतं आणि उलट इकडे येऊन विकलं जात होतं. त्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा, गुलामांच्या मजुरीवर पिकवलेला. पश्चिम भारतातला कापूस तिकडच्या बाजारात सरसकट 'सुरत' नावाने ओळखला जायचा, त्याचा धागा आखूड म्हणून त्याला दुय्यम मानायचे, आणि त्याला खरी मागणी आली ती १८६१ नंतर अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, म्हणजे तोपर्यंत या परकरांची फॅशन उतरलेली होती.

इतकं पांढरं कापड स्वस्तात मिळायला लागलं याचं श्रेय ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटला. त्याने १७९९ मध्ये ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. त्याआधी कापड पांढरं करायचं म्हणजे ते आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही, माळावर उन्हात पसरून ठेवायचं, मधेमधे अल्कलीत उकळायचं आणि ताकासारख्या आंबट द्रवात बुडवायचं. शिवायच्या दोऱ्याचंही तसंच, स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात क्लार्क घराण्याने १८१२ च्या सुमारास मऊ पिळाचा सुती शिलाई दोरा काढला, १८२६ मध्ये तिथेच कोट्सची गिरणी सुरू झाली, आणि घरोघरी मजबूत सुती दोरा मिळायला लागला.

आतली दोरी बहुधा अनेक पदरी सुताची, एक-दोन मिलीमीटरपासून तीन-चार मिलीमीटर जाडीची. काही परकरांत दोरी म्हणून पीळ घातलेली वळलेली दोरी नसतेच, जाड सुताचे चार-सहा पदर नुसते एकत्र घातलेले असतात.

हाताने शिवलेला परकर

हाताने करायच्या दोन पद्धती. पहिल्या पद्धतीत कापड एकच. घेराला समांतर बारीक टक, म्हणजे कापडाची शिवलेली घडी, घ्यायचा, टकाच्या घडीत दोरी ठेवायची, आणि दोरीला अगदी चिकटून धावदोरा घालायचा. मग थोडं अंतर सोडून पुढचा टक. दुसऱ्या पद्धतीत परकराच्या खालच्या भागाला आतून कापडाचा दुसरा थर लावायचा, एक टीप मारायची, दोन थरांच्या मध्ये दोरी त्या टिपेला दाबून बसवायची, दोरीच्या दुसऱ्या बाजूने पुढची टीप मारायची, की ती टीप पुढच्या दोरीची भिंत झाली. आधी सगळे बोगदे शिवून घेऊन मागून सुईने दोरी ओवायचं काम फ्रान्समधल्या मार्सेच्या जुन्या भरीव शिवणकामात शतकभर आधीपासून चालायचं, पण पूर्ण घेराएवढ्या लांब बोगद्यातून ते करायचं म्हणजे बोगदा थोडा सैल ठेवावा लागतो, आणि सैल ठेवला की वर सांगितलेला सगळा मुद्दाच गेला.

कापड किती जातं हे आधी नीट काढावं लागतं. दोरी तीन मिलीमीटर धरली तर टकाच्या पद्धतीत प्रत्येक दोरी उंचीतलं जवळजवळ एक सेंटीमीटर कापड खाते, साठ दोऱ्या असतील तर परकर अर्ध्या मीटरहून जास्त लांब कापून सुरुवात करावी लागते. दोन थरांच्या पद्धतीत, दोन्ही थर सारखेच फुगले तर, दोरीमागे दोन मिलीमीटरही जात नाहीत, म्हणजे साठ दोऱ्यांना साधारण दहा सेंटीमीटर. म्हणून दाट दोऱ्यांना दोन थर परवडतात आणि तुरळक दोऱ्यांना टक.

आणि मेहनत? घेर अडीच मीटर धरा, दोऱ्या साठ, म्हणजे दीडशे मीटर दोरी आणि तेवढीच लांब शिलाई, सेंटीमीटरला चार टाके म्हटले तर साठ हजार टाके, तेही मिणमिणत्या उजेडात आणि सगळे दोरीला चिकटून. अमेरिकेतल्या एलायस हौच्या शिलाई मशीनचं पेटंट १८४६ चं आणि सिंगरचं १८५१ चं, म्हणजे या परकरांचा बहुतेक काळ मशीन येण्याआधीच गेला. जुने नमुने न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमसारख्या संग्रहांत आहेत. दोऱ्यांची संख्या मात्र परकरागणिक बदलते, कुठे दहा-बारा तर कुठे शंभराच्या वर, त्यामुळे 'प्रमाण' संख्या अशी काही सांगता येत नाही.

कमरेकडचा भाग बिनदोरीचाच, कारण तिथे चुण्या घालायच्या असतात. १८४० च्या दशकात दोन-तीन समांतर धावदोरे घालून ओढायचे आणि प्रत्येक बारीक चुणीचं टोक कमरपट्टीला वेगळं टाचायचं, ही पद्धत चालायची, त्याने भरपूर घेर छोट्याशा कमरेत मावतो आणि चुण्या कमरेपासूनच बाहेर फेकल्या जातात. बंद करायला नाडी किंवा बटण, आणि बटण बहुधा दोऱ्याने गुंफलेलं किंवा कापडाने मढवलेलं, कारण परकर सारखा धुवायला जायचा.

मागावरच दोरी

एवढी शिलाई कोणाला परवडणार, म्हणून दोरी मागावरच विणून टाकायची पद्धत आली, आणि मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात डोकेबाज भाग हाच. सोप्या प्रकारात साधी वीण चालू असताना ठरावीक अंतरावर बारीक बाण्याऐवजी (बाणा म्हणजे आडवं सूत) जाड दोरी, किंवा सुताचे बरेच पदर, ताण्याच्या (उभ्या सुतांच्या) उघड्या फटीतून टाकायचे आणि फणीने ठोकून बसवायचे, मग परत बारीक बाणा. ताणा त्या दोरीवरून आणि खालून वळून जातो आणि तीच दोरीची भिंत होते, शिलाई शून्य. जाड आणि बारीक बाण्याला धोटे वेगवेगळे लागतात. जरा अवघड प्रकारात ताणा दोन थरांत वाटलेला असतो, जिथे दोरी हवी तिथे दोन थर सुटे विणायचे, मध्ये जाड दोरी टाकायची आणि लगेच थर परत एकत्र बांधायचे. मार्सेच्या हातकामाची नक्कल करणारं मार्सेला नावाचं कापड लँकेशरमध्ये याच तत्त्वावर निघायचं, तेही परकरांना वापरत.

यात दोरी बाण्यात असल्यामुळे ती कापडाच्या पन्ह्याएवढीच लांब असते, म्हणून पूर्ण घेर करायला तीन-चार पाट जोडावे लागतात आणि प्रत्येक जोडावर सगळ्या दोऱ्या तुटतात. तिथे परकर नीट शिवला नाही तर जोडावरच मोडतो, आणि वरच्या रांगा शेजारच्या पाटाशी जुळल्या नाहीत तर ते ओळखूही येतं. हातशिलाईत दोरी सलग घेरभर फिरवता येते हा तिचा एकमेव मोठा फायदा.

खळ आणि इस्त्री

दोरी एकटी पुरत नाही, खळ लागतेच. गहू किंवा बटाट्याची खळ शिजवून परकर त्यात बुडवायचा. लंडनच्या ऑर्लँडो जोन्सने १८४० मध्ये तांदळातून अल्कली वापरून स्टार्च काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी आयझॅक रेकिटने इंग्लंडमधल्या हल शहरात स्टार्चची गिरणी भाड्याने घेतली, आपल्याकडे रॉबिन नीळ विकणारी रेकिट ती हीच. खळ दोऱ्यांच्या मधल्या कापडात आणि बोगद्याच्या भिंतीत भिनली की सगळं एकजीव होतं. दमट हवेत खळ मऊ पडते, तेव्हा साधा परकर लगेच मान टाकतो आणि दोरीचा थोडा वेळ तग धरतो, एवढाच काय तो फरक, पण तोच महत्त्वाचा. वाळायला मात्र वेळ खातो, आणि उठावामुळे इस्त्री सपाट बसत नाही.

याच काळातला महागडा पर्याय म्हणजे घोड्याच्या केसांचं कापड, ताणा सुताचा आणि बाण्यात शेपटीचे केस, एकेक करून टाकलेले. पुढे पोलादी सांगाड्याला मिळालेलं क्रिनोलिन हे नाव आधी या कापडाचं होतं. केसाच्या लांबीहून कापड रुंद होऊच शकत नाही ही त्याची मर्यादा. इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या कासल केरी गावात जॉन बॉइडने १८३७ मध्ये सुरू केलेला असा कारखाना अजून चालू आहे.

१८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या सांगाड्याची पेटंटं निघाली आणि दोरीचा परकर फॅशनमधून झपाट्याने बाद झाला, हलका सांगाडा मिळत असताना चार-पाच जड परकर कोण ओढणार. त्या कड्यांचं पोलाद बनवणाऱ्यांत फ्रान्सचे प्यूजो बंधूही होते, पुढे मोटारी काढणारं घराणं तेच. खेड्यांत आणि कामकरी बायकांमध्ये सुती परकर चालू राहिले, कारण सांगाडा घालून चुलीशी किंवा शेतात वावरणं अवघड. दोरी भरायची हीच युक्ती त्या काळातल्या अंग आवळणाऱ्या आतल्या चोळ्यांत (कॉर्सेट) देवमाशाच्या तोंडातल्या चिवट पट्ट्यांऐवजी आणि अमेरिकेतल्या उन्हाच्या टोप्यांतही दिसते.

हल्ली जुने पोशाख शिवून बघणारे लोक दोरीऐवजी विणकामाचं जाड सुती सूत घेतात, ते चालतं. पॉलिस्टरची दोरी चालत नाही, ती बोगद्यात घसरते आणि खळ पीत नाही. आपल्याकडे कोणाला करून बघायचाच असेल तर धुतलेला मांजरपाट किंवा कॉटन परकराचं केंब्रिक पुरे, पण कापड आणि सूत दोन्ही आधी गरम पाण्यात भिजवून आटवून घ्यावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात दोऱ्या आटतात आणि सगळा घेर चुरगळून गोळा होतो.