खड्ड्यांसाठी लेझर की सुया?

बेळगावच्या टिळकवाडीत काय, निपाणीत काय, मुरुमांचे खड्डे घेऊन कुणी दवाखान्यात गेलं की मागणी एकच असते: "डॉक्टर, लेझर करायचंय." आपण सरसकट लेझर म्हणतो त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक फ्रॅक्शनल सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर आणि दुसरी मायक्रोनीडलिंग, म्हणजे सुयांची पद्धत. घोळ होणं साहजिक आहे. दोन्हींत चेहऱ्यावर भूल देणारं क्रीम लावून पाऊण-एक तास बसवून ठेवतात, दोन्हींनंतर तोंड लालबुंद होतं आणि दोन्हींचा हेतूही एकच असतो: त्वचेला मुद्दाम बारीक इजा करायची आणि ती भरून येताना नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला आधार देणारं प्रथिन, तयार होऊ द्यायचं. फरक आहे तो इजा कशाने करतात यात.

सीओटू लेझरचा किरण 10,600 नॅनोमीटरचा. त्वचेतलं पाणी तो शोषून घेतं आणि तेवढ्या जागेतल्या पेशी वाफ होऊन उडतात. फ्रॅक्शनल म्हणजे सगळी कातडी न सोलता, गादीवाफ्यात काडीने भोकं पाडावीत तसे ठिपके पाडत जायचं. मधली शाबूत कातडी जखम लवकर भरून काढते. ठिपक्यांची ही कल्पना 2004 मध्ये मांडली गेली. त्याआधी अख्खा थरच काढत असत आणि बरं व्हायला कितीतरी जास्त वेळ लागायचा. करताना केस जळल्यासारखा वास येतो, त्याने घाबरू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर बारीक तपकिरी ठिपक्यांची जाळी उमटते, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखी लागते आणि साधारण आठवड्याभरात गळून पडते. ती नखाने काढली की संपलंच, तिथे नवा डाग तयार.

मायक्रोनीडलिंगमध्ये काहीच जळत नाही. दीड-दोन मिलिमीटर खोल जाणाऱ्या बारीक सुया टोचतात, थोडं रक्त येतं, लाली दोन-तीन दिवसांत उतरते. हिचाच पुढचा अवतार म्हणजे एमएनआरएफ. त्यात सुयांच्या टोकातून रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता आत सोडतात. मशीन मोठं, स्क्रीन चमकणारा, म्हणून पेशंटला ते लेझरच वाटतं. पण त्यात प्रकाशाचा किरणच नसतो. ऑनलाइन मिळणारे घरगुती रोलर यात धरू नका. त्यांच्या आखूड सुया खड्ड्याच्या तळापर्यंत पोचत नाहीत आणि रोलर मुरुमांवर फिरवला तर जंतू सगळ्या चेहऱ्यावर पसरू शकतात.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. सावळ्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी फार जाग्या असतात. उष्णता लागली, सूज आली की त्या जास्तीचा रंग सोडतात. लेझरनंतर खड्डा थोडा उथळ झाला, पण गालावर काळपट चट्टा उठला, ही तक्रार म्हणूनच ऐकू येते. चट्टा बहुतेकदा जातो, पण महिने घेतो. सुयांमध्ये वरचा थर बराचसा शाबूत राहतो, त्यामुळे हा धोका कमी. उलट एका बैठकीत लेझर जास्त काम करतो. सुयांच्या तीन-चार तरी बैठका लागतात, महिना-दीड महिन्याच्या अंतराने. माझा कल सांगायचा तर उन्हात वावरणाऱ्याने, मग तो चिकोडीकडचा ऊसवाला असो की दिवसभर मोटारसायकलवर फिरणारा औषध कंपनीचा एमआर, सुरुवात सुयांनी करावी.

पण त्याही आधी खड्डा आहे की नुसता डाग, हे बघा. खिडकीशी आडवं उभं राहून उजेड बाजूने गालावर पडू द्या. सावली पडत असेल तर खड्डा. सावली नाही, नुसता रंग आहे, बोट फिरवलं तर कातडी सपाट लागते, तर तो डाग, आणि त्याला सुरुवातीला ना लेझर लागतो ना सुया. सनस्क्रीन, डॉक्टरांनी दिलेलं क्रीम आणि धीर, एवढ्यावर तो बराच फिका होतो. डागासाठी लेझरचे पैसे मोजून आणखी काळे होऊन आलेले लोक काही कमी नाहीत.

खड्डे सगळे सारखे नसतात, हेही जाहिरातीत कुणी सांगत नाही. टाचणीने टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे दोन्ही उपायांना फारसे दाद देत नाहीत. त्यांत काडीच्या टोकाने तीव्र ॲसिड लावतात. कातडी ताणली की नाहीसे होणारे, लाटांसारखे खड्डे आतून चिकटलेले असतात. ते आधी सुईने सोडवावे लागतात. बरेचदा हे सगळं मिळूनच करावं लागतं. आणि कातडी काचेसारखी गुळगुळीत कुणाचीच होत नाही. निम्म्याने सुधारणा झाली तरी चांगलं म्हणायचं, तीही तीन ते सहा महिन्यांनी दिसते.

म्हणून कार्यालयाची तारीख ठरल्यावर धावाधाव करू नका. तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य असेल तर पहिली बैठक मृगानंतर, आभाळ भरलेलं असताना घ्या. ढगातूनही अतिनील किरण येतातच, तेव्हा सनस्क्रीन पावसातही. एप्रिल-मेच्या उन्हात लेझर मी तरी सुचवणार नाही.

डॉक्टरांपासून लपवू नयेत अशा काही गोष्टी आहेत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्यात का. ओठावर ताप उतरल्यासारखे फोड वरचेवर येतात का, कारण ते हर्पिसचे फोड लेझरनंतर चेहऱ्यावर पसरू शकतात आणि आधीच गोळी द्यावी लागते. छातीवर, खांद्यावर जुन्या जखमा फुगून वाढल्यात का. आणि मेडिकलमधून आणलेलं गोरं करणारं क्रीम. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. ते लावून पातळ झालेल्या कातडीवर आधी काही करायचंच नसतं.

कानडी पाटी वाचता येत नसली तरी भिंतीवरचं केपीएमई नोंदणीचं (कर्नाटकातल्या खासगी दवाखान्यांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्र आणि त्वचारोगातली एमडी ही पदवी किंवा डीडीव्हीएल ही पदविका बघता येते. ब्युटी पार्लरमधलं "लेझर" सोडा. पॅकेज घेण्याआधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला छोटा पॅच करून द्यायला सांगा आणि महिनाभर थांबा. तिथे काळं पडलं तर पूर्ण चेहऱ्याला हात लावू द्यायचा नाही, मग ॲडव्हान्सवर पाणी सोडावं लागलं तरी चालेल.