बोअर घेण्याआधी खडकाची आणि भूजलाची सरकारी माहिती कशी मिळवाल?

बोअरची गाडी शिवारात आली की फुटाफुटाला पैसे मोजावे लागतात. आपल्या वावराखाली कोणता खडक आहे, जवळच्या निरीक्षण विहिरीत मे महिन्यात पाणी कुठवर उतरतं, हे मात्र सरकारने आपल्याच पैशातून नोंदवून ठेवलं आहे. मराठवाड्यात ते मागायला जाणारे फार थोडे, याचं खरंच वाईट वाटतं.

आधी खडक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ‘भूकोश’ आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार, या दोन्ही पोर्टलवर नोंदणी करून नकाशे मोफत मिळतात. आपल्या भागाच्या नकाशाचा पत्रक क्रमांक ठाऊक असला तर शोध सोपा जातो. लातूर शहर ‘५६ बी’मध्ये येतं, नांदेड ‘५६ ई’मध्ये. १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, त्यामुळे बोअरची नेमकी जागा त्यावर शोधू नका. खडकाची जात मात्र कळते. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटरपर्यंत बेसाल्टच लागला, तर नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट आहे. बेसाल्टमध्ये पाणी धरतो तो मुरूम, भेगा आणि मांजऱ्या (बारीक पोकळ्या असलेला खडक). काळा पाषाण सलग लागला तर आणखी खोल जाऊन पाणी वाढेलच असं नाही.

पाणीपातळीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय गाठा. साध्या अर्जाने काम झालं नाही तर माहिती अधिकारात मागा. कोणताही नागरिक पात्र. नमुना ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प (दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखला जोडा, शुल्क नाही), एकच विषय, १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘भूजलाची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. असं लिहा: ‘मौजे अमुक येथील किंवा सर्वांत जवळच्या निरीक्षण विहिरीच्या मागील १० वर्षांतील ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे महिन्यांच्या पाणीपातळीच्या नोंदी.’ वर्षातून या चार वेळा मोजणी होते. मे आणि ऑक्टोबरचे आकडे शेजारी ठेवले की पावसाने किती भरलं आणि उपशाने किती गेलं, ते दिसतं.

नेमकी जागा हवी असेल तर याच कार्यालयात स्थळ सर्वेक्षणाचा अर्ज द्या. सातबारा, गाव नकाशा आणि शुल्काची पावती जोडा. भोवतालच्या विहिरी-बोअरची खोली लिहून नेली तर भूवैज्ञानिकाचं काम नेमकं होतं.

सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर घेऊ नका. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरहून, म्हणजे साधारण २०० फुटांहून खोल ती ‘खोल विहीर’. अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेल्या भागात, तिला मनाई आहे. गाडीवाल्याची नोंदणीही बघून घ्या.

उन्हाळ्यात ही कार्यालयं टंचाईच्या कामात बुडालेली असतात. अर्ज दिवाळी झाली की लगेच द्या.